श्वासाच्या मापाचे वाद्य

कापडाच्या दुकानात वारली नक्षीचे ठाण गादीवर उलगडले की एक दृश्य हमखास नजरेस पडते. पांढऱ्या रेषांनी काढलेली त्रिकोणी देहांची माणसे एकमेकांच्या कमरेला हात घालून सर्पाकार फेर धरतात, आणि त्या फेराच्या मध्यभागी एक माणूस लांबलचक, किंचित वाकलेले वाद्य तोंडाशी धरून उभा असतो. साडीचा पदर, चादर, भिंतीवरची चौकट, लग्नपत्रिका, चहाचा पेला, अशा अनेक वस्तूंवर ही आकृती आज पोहोचली आहे. या नक्षीच्या मालाची वर्षानुवर्षे खरेदी-विक्री करणाऱ्या कित्येक कुटुंबांनीही मात्र त्या वाद्याचा स्वर कधी ऐकलेला नसतो. गिऱ्हाइकाने विचारलेच, तर ‘आदिवासींची पिपाणी’ एवढे उत्तर देऊन पुढचे ठाण उलगडले जाते.

त्या वाद्याचे नाव तारपा. चित्र देशोदेशी गेले. स्वर मागे राहिला. तो कोठे राहिला, कोणी सांभाळला आणि तो किती थोड्या हातांवर अवलंबून आहे, हे समजून घ्यायचे तर पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत जावे लागते.

वाळवंड्याचे भिकल्या धिंडा

नाशिकहून निघालेला रस्ता त्र्यंबकेश्वर मागे टाकून घाटवाटांनी मोखाड्याला आणि तेथून जव्हारला येतो. जव्हार हे मुकणे घराण्याचे जुने संस्थान. शतकानुशतके चाललेली ही गादी 1948 साली मुंबई प्रांतात विलीन झाली. पुढे ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके त्यात समाविष्ट झाले. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी अशा समाजांची ही वस्ती. उतारावरच्या जमिनीत भात, नागली आणि वरई पिकते. पावसाळ्यात डोंगर धबधब्यांनी भरून जातात आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरांतील पाड्यांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते.

या जव्हार तालुक्यातील वाळवंडा गावी भिकल्या लाडक्या धिंडा यांचे घर आहे. तारपावादन ही त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली विद्या. वडिलांकडून ती त्यांच्याकडे बालपणीच आली आणि आज नव्वदीत पोहोचल्यावरही ती त्यांना सोडून गेलेली नाही. संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. 2026 सालच्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला घोषित झालेल्या पद्म पुरस्कारांत त्यांच्या नावापुढे पद्मश्री लागली आणि ज्या वाद्याला शहरात नाव नव्हते, त्याचे नाव दिल्लीच्या यादीत छापले गेले.

भिकल्या धिंडा यांची ओळख बहुधा वादक म्हणून दिली जाते. ती खरी असली तरी अपुरी आहे. ते तारपा घडविणारेही आहेत. तारप्याच्या जगात हे दोन व्यवसाय फारसे वेगळे पडलेले नाहीत. सतार वाजविणारा मिरजेच्या कारागिराकडे जातो. तारपा फुंकणारा मात्र अनेकदा स्वतःच वेल लावतो, बांबू तोडतो, मेण वितळवतो. हे काम किती कौशल्याचे आहे, हे तो घडतो कसा ते पाहिल्याशिवाय कळत नाही.

प्रारंभ वेलापासून

तारप्याची घडण कार्यशाळेत सुरू होत नाही, कुंपणावर सुरू होते. पावसाच्या तोंडावर दुधी भोपळ्याचे बी लावले जाते. वेल मांडवावर, कुडावर किंवा घराच्या छपरावर चढतो. त्याला लागलेल्या फळांपैकी सुडौल, निरोगी असे एखादे फळ भाजीसाठी न तोडता वेलावरच राहू दिले जाते. येथे कारागिराचा पहिला निर्णय होतो. भोपळ्याचे पोट किती रुंद असावे, मान किती लांब असावी, वाक कोणत्या बाजूला असावा, हे सर्व त्याला हिरव्या फळातच ओळखावे लागते. लाकूड तासून आकार देता येतो. भोपळ्याचा आकार मात्र निवडावा लागतो.

फळ कोवळे असताना तोडले तर ते सुकण्याऐवजी सडते. पूर्ण जून होऊन साल कठीण झाली, वेल वाळला आणि फळ हलविल्यावर आतले बी खुळखुळू लागले, म्हणजे ते उतरवायचे. त्यानंतर छिद्र पाडून आतला गर व बिया काढणे, पोकळी स्वच्छ करणे आणि पुन्हा सावकाश वाळविणे हे काम येते. भात कापणीला येऊन पाड्यावर तारपा घुमू लागतो, तेव्हा त्या वर्षीचा भोपळा वेलावर अजून सुकतच असतो. म्हणून आजच्या तारप्यातील भोपळा प्रायः मागल्या पावसाळ्याचा असतो. मागणी आली म्हणून तो चार दिवसांत पुरा करून देता येत नाही.

सुकलेल्या भोपळ्याचे मोल भारतीय संगीताने फार पूर्वीपासून ओळखले आहे. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूरच्या परिसरातील शेतांत पिकतात, आणि मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. जैन वाचकाला तर तुंबा परका नाही. ज्ञाताधर्मकथेच्या सहाव्या अध्ययनात मातीचे आठ लेप दिलेला तुंबा पाण्यात बुडतो आणि लेप विरघळत गेले की आपोआप वर येतो, असा दृष्टान्त आहे. आत पोकळ, बाहेर अभेद्य आणि वजनाला हलका, हा जो तुंब्याचा गुण त्या दृष्टान्ताला आधार देतो, त्याच गुणामुळे तारपा घडविणाऱ्याला भोपळ्यावाचून दुसरे काही चालत नाही. त्याला फुंकलेला श्वास साठवून ठेवणारी हलकी पेटी हवी असते.

दोन नळ्या, दोन जिभा

भोपळ्याच्या एका टोकाला बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसविल्या जातात. प्रत्येक नळीच्या भोपळ्यातील टोकाशी बांबूचीच एक बारीक जीभ असते. नळीच्या सालीत चीर देऊन उचललेली ती एक लवचिक पट्टी होय. भोपळ्यात हवा भरली की ती थरथरते आणि तिच्या थरथरण्यातून स्वर निघतो. गारुड्याच्या पुंगीचेही तत्त्व हेच आहे. वादकाचे ओठ या जिभांना कधी लागत नाहीत. तो भोपळ्याच्या वरच्या छिद्रातून फुंकर घालतो. आतल्या जिभांना त्या हवेचा दाब तेवढा समजतो.

तारप्याचा सगळा जीव या दोन जिभांत असतो, आणि घडविणाऱ्याची कसोटीही येथेच लागते. जीभ जाड राहिली तर ती हलत नाही, आणि अधिक पातळ झाली तर दाबाखाली चिकटून बसते किंवा फाटते. स्वर उतरवायचा असेल तर जिभेच्या टोकावर मेणाचा कण चिकटवून तिचे वजन वाढवितात. चढवायचा असेल तर तो कण काढतात. एक जीभ साधली म्हणजे काम संपले असे नाही, कारण दुसरी तिच्याशी जुळली पाहिजे. दोन्ही नळ्या एकाच वेळी वाजतात. बोटांच्या हालचालींनी चाल उमटते आणि तिच्या तळाशी एक अखंड घुमारा चालू राहतो. दोन जिभा बेसूर झाल्या तर मैलभर ऐकू जाणारे वाद्यही नुसते ओरडते. या जुळणीसाठी कारागिराजवळ यंत्र नसते, लिहिलेले माप नसते. आजोबांच्या तारप्याचा कानात राहिलेला नाद हेच त्याचे माप.

नळ्यांच्या खालच्या टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा येतो. पाने एकावर एक गुंडाळत, टोकाकडे रुंदावत नेली की लांब नरसाळ्यासारखा आकार सिद्ध होतो. कोंडलेला स्वर याच मार्गाने रानात पसरतो. काही तारपे हातभर असतात, काही माणसाच्या उंचीशी स्पर्धा करतात. सर्व सांधे मेणाने बंद केले जातात, कारण केसाएवढी फट राहिली तरी हवा निसटते आणि वादकाची छाती व्यर्थ शिणते. हे मेण मधमाशांच्या पोळ्याचे असते. मधाचा त्याग पाळणाऱ्या घरातील वाचक येथे क्षणभर थांबेल, आणि ते स्वाभाविक आहे. त्या रानातील माणसाला हवा अडविण्यासाठी दुकानातला डिंक वा रसायन ठाऊक नव्हते. जे भोवती होते, त्यातूनच त्याने वाद्याचा प्रत्येक भाग उभा केला. तारप्यात एकही खिळा नाही, धातूचा एकही तुकडा नाही.

माप माणसाचे

तारपा सलग वाजतो. वादक नाकाने श्वास घेत असतानाच गालांत साठवलेली हवा भोपळ्यात ढकलत राहतो, त्यामुळे स्वर तुटत नाही. श्वासाची ही साखळी साधायला वर्षे लागतात. पौर्णिमेच्या आसपास पाड्यावर फेर सुरू झाला की नाचणारे बदलतात, थकतात, बसतात, पुन्हा उठतात. मध्यभागी उभा असलेला तारपकरी मात्र फुंकतच राहतो. फेरातील माणसे तारप्याला पाठ दाखवीत नाहीत, असा संकेत आहे. तारप्याची चाल बदलली की पावले बदलतात. घुंगरू बांधलेली काठी आपटीत पुढे चालणारा गडी फेराची दिशा सांभाळतो, पण त्याचेही कान तारप्याकडेच असतात.

एवढा भार जो आपल्या छातीवर घेणार, त्याच्यासाठी वाद्यही त्याच्याच मापाचे हवे. ज्याची बोटे आखूड त्याच्या नळीवरची छिद्रे जवळ हवीत. ज्याचा दम मोठा त्याला मोठ्या पोटाचा भोपळा पेलतो; नवशिक्याला तोच भोपळा दोन फुंकरींत दमवून टाकतो. उंच माणसाचा कर्णा आणि ठेंगण्या माणसाचा कर्णा सारखा असून चालत नाही. म्हणून घडविणाऱ्याला वाद्याआधी माणूस पाहावा लागतो.

जगात जेथे जेथे वस्तू शरीराला जोडून वापरली जाते, तेथे हा नियम आढळतो. दूरच्या किनाऱ्यांवर समुद्राच्या लाटांवर उभे राहण्यासाठी फळी घडविणारे स्वतंत्र कारागीर आहेत. ते आधी खेळाडूचे वजन आणि उंची विचारतात, तो कोणत्या लाटांवर जाणार ते विचारतात, आणि मगच रंधा हाती घेतात. मिरजेचा कारागीर गवयाचा आवाज विचारून तंबोरा बेततो. आपल्याकडचा जुना शिंपीही नजरेनेच खांद्याचे माप घेत असे. या सर्वांची विद्या एकाच जातीची आहे. ती वखारीत साठविता येत नाही, कारण गिऱ्हाईक समोर आल्याशिवाय वस्तू पुरी होतच नाही.

खात्यात न बसणारा हिशेब

व्यापारी कुटुंबातील वाचकाच्या मनात येथे साहजिक प्रश्न उठेल. याचे अर्थकारण काय? बी घरचे, बांबू व ताडाची पाने रानातली, मजुरी स्वतःची. कच्च्या मालाचा खर्च मांडायला बसले तर वहीचे पान जवळजवळ कोरेच राहील. परंतु एका भोपळ्यामागे गेलेला हंगाम, वेलावरच किडून वाया गेलेली फळे, वाळताना तडकलेली पोकळी, कापता कापता बिघडलेल्या जिभा आणि कान तयार होण्यासाठी खर्ची पडलेले बालपण हे सर्व त्या वहीत कोठे नोंदवायचे? भांडवल थोडे आणि कसब अपार, अशा धंद्याची किंमत बाजार नेहमीच कमी लावतो. समोर दिसतो तो सुकलेला भोपळा. त्यातली जीभ दिसत नाही.

पूर्वी या हिशेबाची गरजच नव्हती. भात तयार झाले की पाड्याला तारपा हवा असे. धान्याची माता कणसरी घरी यायची, तर तिच्या स्वागताला त्याचा घुमारा लागे. गाव तारपकऱ्याला सांभाळी आणि तारपकरी गावाला नाचवी. आज त्या हंगामावरच घाला पडला आहे. दिवाळी उरकली की जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर रोजगारासाठी बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. फेर धरायला पाड्यावर माणसेच नसतील तर तारपा कोणासाठी वाजायचा? जी मुले घरी राहतात, त्यांच्या लग्न-समारंभांत मोठे ध्वनिवर्धक आले आहेत. शिकायला वर्षे लागणारी आणि मिळकतीची हमी नसलेली विद्या तरुणाने का घ्यावी, हा त्याचा प्रश्न खोटा म्हणता येत नाही.

याच काळात वारली चित्राचे नशीब मात्र वेगळे निघाले. 1970 च्या दशकाच्या प्रारंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले आणि लग्नघराच्या भिंतीवरची तांदळाच्या पिठाची चित्रे कागदावर उतरू लागली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राला भौगोलिक मानांकन लाभले, बाजार लाभला, तरुण हात लाभले. याचे कारण उघड आहे. चित्र गुंडाळून पाठविता येते, छापता येते, हजार प्रती काढता येतात. तारपा भिंतीवर टांगता येतो, पण टांगलेला तारपा म्हणजे तारपा नव्हे.

खरा धोका येथेच आहे. शहरातील दिवाणखान्यासाठी, उपाहारगृहाच्या सजावटीसाठी, स्मृतिचिन्ह म्हणून तारपा मागितला जातो तेव्हा मागणाऱ्याला केवळ आकार हवा असतो. अशा मागणीला आतली जीभ लागत नाही. दोन नळ्या जुळल्या काय आणि न जुळल्या काय, गिऱ्हाइकाला फरक पडत नाही. आणि जे कोणी विचारीत नाही, ते कारागीरही हळूहळू करीनासा होतो. मग एके दिवशी असे होईल की भोपळा असेल, बांबू असेल, ताडाचा कर्णाही असेल. पण तो फुंकला तर त्यातून वाऱ्याखेरीज काही निघणार नाही. कला संपल्याचे त्या दिवशी कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण दुकानात माल भरपूर असेल.

मागणाऱ्याची जबाबदारी

व्यापारात मुरलेल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही. गिऱ्हाईक जे पारखून घेते तेच पिकते. मोती पारखणारे होते म्हणून पाणीदार मोती बाजारात आले. धाग्याला हात लावून पोत सांगणारे होते म्हणून विणकराने हात आखडता घेतला नाही. कारागिराला टिकवून धरण्यात जितका वाटा दानाचा असतो, त्याहून अधिक वाटा जाणत्या खरेदीचा असतो.

म्हणून तारपा घ्यायचाच असेल तर वाजणारा घ्यावा. तो कारागिराने समोर फुंकून दाखवावा असा आग्रह धरावा, आणि त्या स्वराचे मोल भोपळ्याच्या भावाने करू नये. पुढच्या हंगामाची मागणी या हंगामात नोंदवावी, म्हणजे बी लावताना घडविणाऱ्याच्या मनात एक माणूस असेल. शाळेच्या संमेलनात वारली नृत्य बसविताना ध्वनिमुद्रित गाण्याऐवजी प्रत्यक्ष तारपकऱ्याला पाचारण करावे आणि त्याचे मानधन इतर वादकांच्या बरोबरीने द्यावे. वारली नक्षीचे कापड विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला मध्यभागी उभ्या माणसाच्या हातातील वाद्याचे नाव तरी सांगावे. यातील एकही गोष्ट उपकाराची नाही. ज्या आकृतीवर इतका व्यापार झाला, तिच्या मूळ धन्याशी केलेला तो रास्त व्यवहार ठरेल.

भिकल्या धिंडा यांना मिळालेल्या पद्मश्रीने तारप्याकडे देशाचे लक्ष गेले, ही आनंदाची गोष्ट खरीच. परंतु नव्वदीतील माणसाच्या गळ्यात पडलेला हार त्याच्यामागून येणाऱ्याची जागा भरून काढीत नाही. बांबूची जीभ किती पातळ करावी हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे आणि बोटांची ही विद्या शेजारी बसूनच घ्यावी लागते.

पाऊस उतरू लागला की जव्हारच्या पाड्यांवर छपरांवरचे वेल फळांनी वाकतात. त्यातले बहुतेक भोपळे भाजीत जातात. एखादा मात्र पानाआड मुद्दाम राखलेला असतो, आणि घरधनी येता-जाता त्याच्या मानेचा वाक पाहून घेतो. तो कोणत्या छातीच्या मापाचा होईल, याचा अंदाज त्याच्या मनात बांधला जात असतो. त्या भोपळ्यातून स्वर मागणारे कोणी आहे, एवढी खात्री असली म्हणजे त्याला पुरते.